ठेवणे आणि टाकणे

सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले होते. कारंजा लाड येथील एका जुन्या वाड्याच्या माजघरात सतरंजी अंथरली गेली आणि तिच्यावर एकेक वस्तू मांडली जाऊ लागली. दोन कॅमेरे, तीन लेन्स, एक फ्लॅश, चार बॅटऱ्या, चार्जर, तिपाई, लॅपटॉप आणि काडेपेटीहून लहान अशा डबीत सहा मेमरी कार्डे. सतरंजीच्या एका बाजूस साठीला आलेले मामा बसले होते. गावात त्यांच्या वडिलांनी थाटलेला फोटो स्टुडिओ त्यांनी पुढे चालवलेला. दुसऱ्या बाजूस वाशिमहून आलेली त्यांची भाची होती. मामांच्याच हाताखाली ती छायाचित्रण शिकली होती आणि आता इंग्लंडातील लेस्टर येथे मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो काढण्यासाठी निघाली होती. परवा नागपूर, तेथून मुंबई आणि मुंबईहून लंडन असा प्रवास ठरला होता. विमानात बसण्याची तिची ही पहिलीच वेळ.

येताना तिने सर्व सामान एका मोठ्या चाकांच्या बॅगेत भरून आणले होते. कपड्यांच्या दोन थरांमध्ये कॅमेरे, खाली तिपाई, वर चार्जर. ती उत्साहाने म्हणाली, "मामा, सगळं एकाच बॅगेत बसलं. विमानतळावर 'नाजूक वस्तू' अशी लाल चिठ्ठी लावून घेते. म्हणजे हातात काही धरायलाच नको."

मामांनी उत्तर दिले नाही. त्यांनी बॅगेतील सर्व वस्तू काढून सतरंजीवर मांडल्या. प्रत्येक वस्तू उचलताना ते क्षणभर तिच्याकडे पाहत आणि खाली ठेवताना त्या जागेकडे पाहत. भाचीने त्यांची ही सवय लहानपणापासून पाहिली होती. ती कोठून आली, हे मात्र तिने कधी विचारले नव्हते.

"त्या लाल चिठ्ठीचं काय होतं, ते आधी ऐक," मामा म्हणाले आणि त्यांनी पंचेचाळीस वर्षांमागची गोष्ट सुरू केली.

१९८१ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला. इ. स. ९८१ मध्ये चामुंडरायांनी विंध्यगिरीवर प्रतिष्ठापित केलेल्या त्या सुमारे सत्तावन्न फुटी मूर्तीला त्या वर्षी एक हजार वर्षे पूर्ण होत होती. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हेलिकॉप्टरमधून मूर्तीवर पुष्पवृष्टी केली, ते हेच वर्ष. मामांचे वडील आपला दोन भिंगांचा चौकोनी कॅमेरा घेऊन त्या सोहळ्यास गेले होते. कारंज्याहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला रेल्वेची अरुंद गाडी, पुढे मोठ्या गाड्या बदलत बदलत दक्षिणेकडे. पत्नीच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेला कॅमेरा त्यांनी सबंध प्रवासात मांडीवरून खाली उतरवला नाही. रात्री झोपताना त्याचा पट्टा मनगटाला बांधलेला असे. पाच रोल, प्रत्येकात बारा फोटो, म्हणजे साठ वेळा खटका दाबण्याची सोय. परतल्यावर साठांपैकी एकही फोटो वाया गेला नव्हता. परंतु ते सारे कृष्णधवल होते. मूर्तीच्या मस्तकावरून दुधाची धार उतरतानाच्या फोटोत दूध आणि आकाश एकच झाले होते. धार कोठे संपते आणि आभाळ कोठे सुरू होते, ते कळत नव्हते.

मामांची आई तेव्हा घर, दुकान आणि लहान मुले सांभाळण्यासाठी मागे राहिली होती. तो फोटो ती वारंवार हातात घेई आणि म्हणे, "केशराचा रंग कसा दिसत असेल?"

पुढे वडील गेले. आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. तिची खाट याच माजघरात होती. २००६ साली पुन्हा महामस्तकाभिषेक आला, तेव्हा मुलाने तिला शब्द दिला, की यंदा केशराचा रंग घरी आणतो. कर्ज काढून त्याने नवा डिजिटल कॅमेरा घेतला. आई अधिक दिवस एकटी राहू नये म्हणून रेल्वेऐवजी विमानाचे तिकीट काढले. त्याच्या घराण्यातील तो पहिला विमानप्रवास होता.

नागपूरच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या खिडकीशी त्याला सांगण्यात आले, की खांद्यावरची बॅग मोठी आहे, ती आत द्यावी लागेल. मागे रांग वाढत होती. विचारावे काय आणि कोणाला, हे ठाऊक नव्हते. त्याने बॅग दिली, लाल चिठ्ठी लावून घेतली, एका कागदावर न वाचता सहीही केली. निघताच फोटो काढता यावा म्हणून कॅमेऱ्याला मोठी लेन्स जोडूनच ठेवलेली होती. बंगळुरूला पट्ट्यावरून बॅग आली, ती बाहेरून जशीच्या तशी. ओरखडा नाही, फाट नाही. त्याने ती खांद्याला लावली आणि तो बस पकडून पुढे निघाला.

बॅग उघडली गेली ती श्रवणबेळगोळच्या धर्मशाळेत, रात्री. लेन्स आणि कॅमेरा यांचा सांधा वाकलेला होता आणि आतील आरसा तडकला होता.

दुसऱ्या दिवशी तो सहाशेहून अधिक पायऱ्या चढून विंध्यगिरीवर गेला. नारळपाणी, उसाचा रस, दूध, हळद, चंदन, केशर अशा धारा एकामागून एक उतरत होत्या. सभोवती असंख्य कॅमेरे चमकत होते. तो हात बांधून उभा होता. कारंज्यास परतल्यावर आईच्या खाटेशी बसून त्याने सारे सांगितले. विमान कंपनीला बोल लावला, कामगारांना बोल लावला, नशिबाला बोल लावला. आईची वाणी आजाराने जड झाली होती. तिने बराच वेळ ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला.

"बाबू, तू तो ठेवला होता का टाकला होता?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मात्र त्याला देता आले नाही.

जैन घरांतून वाढलेल्यांना त्या प्रश्नाचे मूळ ओळखणे कठीण नाही. पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण समिती सांगितली आहे. शास्त्र असो, कमंडलू असो, मुनी ती वस्तू नीट पाहून, पिंछीने जागा परिमार्जन करून उचलतात आणि तशाच दक्षतेने ठेवतात. हेतू जीवरक्षेचा आहे. परंतु ज्या घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडते, त्या घरात तांब्याची कळशी ठेवतानाही आवाज होत नाही. त्या माउलीने मुलाला कंपनीविषयी काही विचारले नाही, कारण कंपनी तिच्या हातातली नव्हती. वस्तू आपल्या हातून सुटते त्या क्षणी आपण कोठे पाहत होतो, एवढेच तिने विचारले होते.

त्यानंतरची काही वर्षे मामांनी त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात घालवली. जे कळत गेले, ते एका वहीत लिहून ठेवले. त्या रात्री ती वही सतरंजीवर उघडली गेली.

पहिला धडा त्यांना गावातच मिळाला होता. कारंजा हे भट्टारकपीठांचे आणि शास्त्रभांडारांचे गाव. येथील हस्तलिखितांच्या आधारे प्रा. हिरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ' आणि 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश ग्रंथ १९३३ व १९३४ मध्ये प्रसिद्ध केले. धवला टीकेचे संपादन अमरावतीस सुरू झाले, तेव्हा पाठ मिळवण्यासाठी वापरलेल्या प्रतींत कारंज्याची प्रतही होती. शेकडो वर्षे जुने कागद टिकले कसे, याचे उत्तर त्यांच्या बांधणीत आहे. पानांच्या खाली-वर पाने दाबून धरणारे पुठ्ठे, त्यांच्याभोवती घट्ट बसणारे सुती वेष्टन, त्यावर दोरी. आत पान हलायला जागा नाही आणि पानावर भारही नाही. "आपलं काम हेच," मामा म्हणाले. "वस्तू आत हलता कामा नये आणि तिच्यावर दाब येता कामा नये. पेटी पडते, यात नवल नाही. पेटी पडली की आतली वस्तू पुन्हा वेगळी पडते, नुकसान त्यानं होतं."

मग त्यांनी २००६ सालच्या अपघाताचे कारण उलगडून दाखवले. विमानतळावर आत दिलेली बॅग अनेक पट्ट्यांवरून सरकते, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडते, गाडीत रचली जाते आणि विमानाच्या पोटात इतर बॅगांच्या खाली जाते. कॅमेऱ्याला जोडलेली लांब लेन्स अशा वेळी तरफेसारखे काम करते. टोकाला बसलेला थोडासा धक्का सांध्यापाशी अनेकपट होतो. म्हणून प्रवासात लेन्स आणि कॅमेरा नेहमी वेगळे, दोन्हींच्या तोंडावर झाकणे आणि प्रत्येकाला फोमचा स्वतंत्र कप्पा. जड वस्तू बॅगेच्या मध्यभागी व पाठीच्या बाजूला. रिकामी फट राहिली, तर तेथे मोजे किंवा हातरुमाल.

भाचीने विचारले, "पण हातातली बॅगही आत द्यायला लावली, तर?"

"त्यासाठी काटा आहे," मामा म्हणाले आणि त्यांनी धान्याच्या दुकानात वापरतात तसा ताणकाटा काढला. देशांतर्गत विमानात स्वस्त वर्गाच्या प्रवाशाला सामान्यतः सात किलोंची एकच हातबॅग नेता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासातही कित्येक कंपन्यांची मर्यादा एवढीच असते. मापेही ठरलेली असतात. तिकिटावरचा नियम वाचून घरीच वजन करायचे. कॅमेरा सातशे ग्रॅम, मधली लेन्स नऊशे, लांब लेन्स दीड किलो, फ्लॅश चारशे, लॅपटॉप दीड किलो, रिकामी बॅग पावणेदोन किलो. बेरीज पावणेसात किलो झाली. दुसरा कॅमेरा आणि छोटी लेन्स उरली.

"आता निवड कर," मामा म्हणाले. भाचीने लॅपटॉप बाहेर काढला. लग्नघरी कोणाचा तरी संगणक मिळेल, दुसरा कॅमेरा कोणी देणार नाही. काटा पुन्हा सात किलोंच्या आत आला. हातात वागवण्याचे वजन ठरलेले असले, की आवश्यक काय आणि नुसते सोबत काय, हे माणसाला लवकर कळते.

चार्जर, तारा, तिपाई आणि पेचकस आतल्या बॅगेत गेले. तिपाईचे डोके सुटे करून कपड्यांत गुंडाळले गेले. बॅटऱ्यांकडे भाचीचा हात गेला, तेव्हा मामांनी तो थांबवला.

"सुट्या बॅटऱ्या आतल्या बॅगेत कधीही नाही. हा नियम कॅमेऱ्यासाठी नाही, माणसांसाठी आहे."

लिथियम बॅटरीची दोन टोके एखाद्या नाण्याने किंवा किल्लीने जोडली गेली, की ती तापते. एक घटक तापून पेटला, की शेजारचा पेटतो आणि ही साखळी विझवणे अवघड होते. प्रवाशांच्या कक्षात हे घडले, तर कर्मचारी तत्काळ पाणी ओतून ती थंड करू शकतात. विमानाच्या पोटात कोणाचाच हात पोचत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांच्या खेपेला आग लागली आणि विमान कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल नेण्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मनाई केली. प्रवाशाने स्वतःजवळ ठेवायच्या बॅटरीसाठी शंभर वॅट-तासांची मर्यादा आहे. शंभर ते एकशे साठपर्यंतच्या दोनच सुट्या बॅटऱ्या, त्याही कंपनीच्या परवानगीने नेता येतात. त्याहून मोठी बॅटरी नेताच येत नाही. हिशेब सोपा आहे. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करायचा. भाचीच्या बॅटरीवर ७.२ व्होल्ट आणि सुमारे दोन अँपिअर-तास लिहिले होते, म्हणजे साधारण साडेचौदा वॅट-तास. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवली गेली.

"आणि हे ध्यानात ठेव. विमान लहान असलं किंवा वरचे कप्पे भरले, तर दाराशी हातबॅगही काढून घेतात. तेव्हा घाबरायचं नाही. बॅटऱ्या आणि कार्डं काढून घ्यायची, मग बॅग द्यायची." अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईला जाणारे विमान सुरू झाले, ते असेच लहान पंखेवाले. विदर्भातील अनेकांना पुढे त्याच वाटेने जायचे असल्याने मामांनी ही गोष्ट वहीत ठळक लिहिली होती.

सुरक्षा तपासणीत कॅमेरा बॅगेतून बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो. तेथे घाई होते, म्हणून कॅमेरा सर्वांत वर हवा. क्ष-किरणांनी डिजिटल कॅमेऱ्याला किंवा कार्डाला अपाय होत नाही. जुन्या रोलची गोष्ट वेगळी. आतल्या सामानाची तपासणी तीव्र किरणांनी होते, म्हणून न धुतलेला रोल तेथे कधीही द्यायचा नाही. हातसामानासाठी बसवलेल्या नव्या सीटी यंत्रांनीही रोल धुरकटतो, म्हणून तो हाताने तपासण्याची विनंती आधीच करायची. भाचीने आजोबांच्या चौकोनी कॅमेऱ्यासाठी दोन रोल घेतले होते. ते ऐकताच मामांनी मान खाली घातली आणि रोल एका पारदर्शक पिशवीत ठेवले.

पुढे थंडीचा विषय निघाला. लेस्टरच्या थंडीतून उबदार घरात येताच कॅमेऱ्यावर आणि लेन्सच्या आतही दव धरते. उन्हाळ्यात माठाला बाहेरून पाणी सुटते, तसाच हा प्रकार. उपाय इतकाच, की बाहेर असतानाच कॅमेरा हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, मग घरात आणायचा आणि तो घरातल्या हवेइतका उबदार होईपर्यंत उघडायचा नाही. आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या बॅगेच्या कोपऱ्यांत गेल्या.

"मामा, मी टणक पेटी घेऊ का? फोमवाली, पाण्यातही न बुडणारी?"

"सामान आतच द्यावं लागणार असेल, तर तीच घ्यावी. तिला हवेचा दाब सारखा करणारी झडप आहे की नाही, ते पाहायचं. नसेल, तर उतरल्यावर झाकण घट्ट बसतं आणि निघत नाही. पण ती पेटी महाग वस्तू आत आहे, हे सगळ्यांना सांगत फिरते. जे हातात मावतं, ते हातातच बरं."

वहीचे शेवटचे पान कागदपत्रांचे होते. मामांच्या मते २००६ साली त्यांची सर्वांत मोठी चूक येथे झाली. बॅग विमानतळावरच उघडून पाहिली असती, तर तेथेच लेखी तक्रार नोंदवता आली असती. माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मोडल्याची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची एकवीस दिवसांत करावी लागते. त्यानंतर दावा उरत नाही. भारताने हा करार २००९ साली स्वीकारला. भरपाईलाही मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण हक्क म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपये आहे. भारतातल्या भारतात ही मर्यादा अवघी वीस हजार रुपये. त्याहून मौल्यवान वस्तू आत द्यायची झाली, तर देतानाच तिचे मूल्य जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय करारात आहे. एरवी स्वतंत्र विमा उतरवावा आणि त्यात कॅमेऱ्याचा समावेश आहे का, किती रकमेपर्यंत आहे, हे आधी वाचावे.

प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा अनुक्रमांक भाचीने वहीत उतरवून घेतला, बिलांच्या प्रती जोडल्या, सर्व वस्तूंचा सतरंजीवरच एक फोटो घेतला. देशाबाहेर जाताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून, सामान आत देण्यापूर्वी, या वस्तू येथूनच नेल्याचे प्रमाणपत्र घेता येते. ते जवळ असले, की परतताना हे नवे आणले का, असा प्रश्न उद्भवत नाही. व्यवसायासाठी मोठा सरंजाम नेणारे लोक फिक्कीकडून कार्नेट नावाचे कागद काढतात. नातेवाइकाच्या लग्नाला निघालेल्या मुलीला पहिले प्रमाणपत्र पुरेसे होते.

"परतताना मात्र नियम उलटा," मामा म्हणाले. "जाताना कॅमेरा जपायचा. येताना कार्डं. कार्डं कॅमेऱ्यात ठेवायची नाहीत. एक प्रत तुझ्या अंगावर, दुसरी लग्नघरी ठेवून यायची. कॅमेरा पुन्हा विकत मिळतो."

पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही.

रात्र बरीच झाली होती. भाची सतरंजीवर बसूनच होती. समोरच्या भिंतीवर एक रंगीत फोटो चौकटीत लावलेला होता. विंध्यगिरीवरील बाहुबलींचे मुख, मस्तकावरून ओघळणारी केशराची धार, मागे स्वच्छ निळे आकाश. तिने तो पूर्वी शेकडो वेळा पाहिला होता. घरी येणारे पाहुणे नेहमी म्हणत, की एवढा सुंदर फोटो आणि लावला किती खाली! उभ्या माणसाला तो पाहण्यासाठी वाकावे लागे.

"मामा, हा २०१८ चा ना?"

"हो. फेब्रुवारी २०१८. या वहीप्रमाणे बॅग भरून गेलो होतो. विमानानंच. काही मोडलं नाही."

"आजी तेव्हा..."

"२०१३ मध्ये गेली."

भाचीने पुन्हा फोटोकडे पाहिले. जमिनीपासून त्याची उंची जेमतेम अडीच-तीन हात होती. सतरंजी अंथरली होती, त्याच जागी एके काळी आजीची खाट असे. खाटेवर पडलेल्या माणसाला मान न वळवता दिसेल, नेमक्या त्या उंचीवर खिळा ठोकलेला होता. ती काही बोलली नाही. मामा वही मिटत होते. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, कापडात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. "ही तुझ्याजवळ असू दे," ते म्हणाले. "परत आल्यावर तुला जे नवं कळेल, ते पुढच्या पानावर लिही. श्रवणबेळगोळचा पुढचा सोहळा २०३० च्या सुमारास येईल. तेव्हा मला एवढ्या पायऱ्या चढवतील की नाही, सांगता येत नाही."

तिसऱ्या दिवशी पहाटे दाराशी गाडी आली. समृद्धी महामार्गाने नागपूर आता दूर राहिलेले नाही. वाशिमहून भाचीचे आई-वडील आदल्या रात्रीच आले होते. निरोप, नमस्कार, डब्यातल्या दशम्या, मंदिरातून आणलेले गंधोदक, असे सर्व झाले. चालकाने मोठी बॅग मागे ठेवली आणि तो हातबॅग घेण्यासाठी पुढे आला.

"ही राहू द्या दादा," ती म्हणाली.

ती आत बसली. बॅग मांडीवर घेण्यापूर्वी तिने क्षणभर मांडीकडे पाहिले, ओढणी सारखी केली आणि मग दोन्ही हातांनी ती अलगद ठेवली. दाराशी उभ्या असलेल्या मामांना गाडीच्या काचेतून ते दिसले. गाडी वळणाआड गेल्यावरही ते थोडा वेळ तेथेच उभे होते. मग आत येऊन त्यांनी सतरंजीची घडी घातली आणि ती कोनाड्यात ठेवली.